घोडीला पाचर

तंतुवाद्यावर ज्या पट्टीवरून तारा जातात तिला आपल्याकडे 'घोडी' म्हणतात. तंबोऱ्याची घोडी, सतारीची घोडी, व्हायोलिनची घोडी! या सगळ्या घोड्या मोठ्या गरीब स्वभावाच्या. बसवले तिथे बसून निमूटपणे तारांचे ओझे वाहणाऱ्या. या नावाला खऱ्या अर्थाने जागणारी घोडी मी एकच पाहिली. ती माझ्या मामाच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारवरची. ती डुलते, कलते आणि प्रसंगी उधळतेसुद्धा!

मामाची गिटार कलकत्त्याच्या बनावटीची. घडण मात्र अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांच्या नमुन्याची. या फेंडरसाहेबांनी १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' नावाची गिटार बाजारात आणली. तिची घोडी त्यांनी पुढच्या कडेवर, सहा स्क्रूंच्या आधाराने, बिजागरीसारखी तोलून धरली आणि तिला एक दांडी जोडली. दांडी दाबली की घोडी पुढे कलते, तारा सैल पडतात, सूर उतरतो. सोडली की सारे पूर्ववत. हलक्या हाताने दांडी हलवत राहिले तर सूर नुसता थरथरत राहतो. फेंडरसाहेबांनी या कळीला 'ट्रेमोलो' म्हटले. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाचा कंप. सुराच्या चढउताराला 'व्हायब्रॅटो' म्हणतात. पण नाव चिकटले ते चिकटलेच. आपल्या एखाद्या गवयाला ऐकवले तर तो म्हणेल, हे तर आमचे आंदोलन!

गिटार उलटी करून पाठीवरचे झाकण काढले म्हणजे या घोडीचे रहस्य कळते. घोडीच्या खाली एक धातूचा ठोकळा गिटारच्या पोटात लोंबत असतो. त्याला स्प्रिंगा अडकवलेल्या. स्प्रिंगांची दुसरी टोके एका पट्टीच्या आकड्यांत आणि ती पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात पक्की. वरून सहा तारा घोडीला एकीकडे ओढतात, खालून स्प्रिंगा दुसरीकडे. सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोंच्या आसपास जातो. दोन्ही बाजूंचा जोर सारखा, म्हणून घोडी मध्येच तरंगते. पोळ्याच्या दिवशीची रस्सीखेचच म्हणा ना!

आता रस्सीखेचीत एका बाजूच्या गड्याने हात सोडला तर काय होईल? एक तार तुटली की स्प्रिंगांची सरशी होते, घोडी मागे ओढली जाते आणि उरलेल्या पाचही तारांचा सूर एकदम चढतो. तुटते एक, बेसूर होतात सहाच्या सहा.

मित्रहो, घरी बसून वाजवणाऱ्याला याची फारशी फिकीर नाही. पण मामा वाजवतो तो आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत. धान घरात आले, दिवाळी झाली, मंडई भरू लागली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावागावांत नाटकाचे पडदे लागतात. वडसा हे या कंपन्यांचे माहेरघर. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि पाव्हणेरावळे अंगावर ब्लँकेट घेऊन शेवटपर्यंत बसतात. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांनी या रंगभूमीकडे जरा नीट पाहिले. या नाटकांत गाणे जिवंत असते. पेटी, तबला, सिंथेसायझर, ऑक्टोपॅड, आणि मामाच्या संचात त्याची ही गिटार. मध्यरात्रीच्या थंडीत पोलादी तार आखडते, सूर चढतो. दिव्यांच्या झोतात तापली की उतरतो. मामाचा एक हात सदैव खुंट्यांवर.

गेल्या वर्षीच्या हंगामात एका गावी ऐन गाण्यात मामाची तार तुटली. गाणारी बाई बाहेरून आलेली, गुणी. पण पाच चढलेल्या तारांपुढे तिचा सूर कुठे टिकणार? ती थांबली. मंडपातून शिट्ट्या आल्या. त्यानंतरच्या तारखा दुसऱ्या वादकाला गेल्या. मामा याबद्दल चकार शब्द बोलला नाही. मामी मात्र बोलली. कारण हंगामाच्या चार महिन्यांवर त्यांचे वर्ष चालते.

पावसाळ्यात मामाने घोडी बांधायला काढली. बॅटरी धरायला मी. तीन स्प्रिंगा होत्या, त्यांच्या जोडीला आणखी दोन घातल्या. मग पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा पिळायचे, सूर जुळवायचे, पुन्हा पिळायचे. घोडीचे बूड लाकडाला टेकेपर्यंत हाच क्रम. मी म्हटले, "मामा, आता पुरे." कारण एवढ्यावरच तार तुटली तरी घोडीला मागे जायला जागा उरत नव्हती, आणि दांडी दाबून सूर उतरवता येत होता. पण तीन स्प्रिंगा जुन्या, थकलेल्या. बोटाने तार ओढली की घोडी किंचित उठे आणि जोडीच्या तारा उतरत.

"दांडी कायची सोडतोस मामा? तुझं वाजवणं लोक त्याच्यावरूनच ओळखतात," मी म्हटले.

मामा पेचकस खाली ठेवून म्हणाला, "माय, दांडी माझी आहे. पन गानं काही माझ्या एकट्याचं नाही. गानारीनं कोनाच्या भरोशावर उभं राहाव?"

यावर मला बोलता येईना. शेजारच्या सुताराने खिडकीच्या चौकटीतून उरलेल्या सागवानाची पाचर रंधून दिली. सागवान मोठे गुणी लाकूड. अंगात तेल, त्यामुळे दमट हवेत फारसे फुगत नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान गेले. त्याच्याच भाऊबंदांपैकी हा दोन बोटांचा तुकडा! ठोकळा आणि गिटारच्या पोटातली मागची भिंत यांच्यामध्ये तो घट्ट बसला. इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टनने आपल्या गिटारला अशीच लाकडाची पाचर मारली होती, हे मी मामाला सांगितले. तो म्हणाला, "म्हनजे त्याचीही तार तुटत असन."

घोडी खाली बसल्याने तारा पडद्यांवर घासू लागल्या. तेव्हा तारांखालचे सहाही टेकू थोडे उचलले, बाराव्या पडद्यावर एकेक तार तपासून त्यांची जागा पुढेमागे केली. संध्याकाळ झाली.

पुढच्या हंगामात मामाला पुन्हा बोलावणे आले. पौषातल्या एका रात्री तार तुटली, आणि गाणारीला पत्ताही लागला नाही. पाच तारांवर मामाने गाणे तडीस नेले. मी मंडपात होते. त्या गाण्याच्या शेवटी पूर्वी जो थरथरता सूर येई, तो आला नाही. त्या जागी मामाने बोटानेच तार हलवली. कंप लहान होता. पण मामाचाच होता.

दांडी सध्या मामाच्या ट्रंकेत आहे. आणि एक सांगायचे राहिले. पाचर घट्ट आहे. पण मामाने ती डिंकाने चिकटवलेली नाही.