बांधीतला गाळ कोणी उपसायचा?

29 ऑगस्ट 2020, शनिवार. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या आसपास त्या दिवशी चढलेला पूर निव्वळ आमच्या पावसाचा नव्हता. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर भीमगडचं संजय सरोवर आहे. तिकडे धो धो पाऊस झाला, धरणाची दारं उघडली आणि ते पाणी खाली निघालं. वैनगंगा तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या बावनथडी नदीला पुढे सरायला वाव राहत नाही. तिचं पाणी मागे फुगतं आणि काठच्या धानाच्या बांध्यांत शिरतं. पुढे गोसीखुर्दची सगळी 33 दारं उघडावी लागली, भंडारा शहरातल्या वस्त्या बुडाल्या.

बपेऱ्याचा पूल ओलांडला की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. तिथे इथल्या अनेकांची सोयरीक आहे. ‘पाणी वाढून राहिलं, ढोरं सोडा’ असे फोन सोयऱ्यांकडून आधी आले, सरकारी निरोप मागून.

पहिले दिवस गावांनी आपल्या बळावर काढले, हे मी पाहिलंय. ढिवरांनी मासेमारीचे डोंगे काढले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकुरवाळ्या बायांना कोरड्या जागी आणलं. कोरोनामुळे शाळा बंदच होत्या, त्यांच्या खोल्या कामी आल्या. ज्यांची घरं वाचली होती त्यांनी तांदूळ-डाळ दिली आणि एका चुलीवर सगळ्यांचा भात शिजला. त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागला नाही.

पाणी ओसरल्यावर धान दिसलं. हलकं धान पोटरीत आलेलं, पानांवर गाळाचा लेप. शेजारच्या काकांनी एका रोपाचा मधला कोंब चिमटीत धरून ओढला, तो अलगद हातात आला. बुडाशी काळा पडलेला, कुजका वास येणारा. आता नव्यानं रोपांचे पऱ्हे टाकण्यात अर्थ नव्हता, हंगाम निघून गेला होता. काका-काकूंनी उंचावरच्या बांधीत जगलेल्या धानाचे फुटवे सोडवले आणि खालच्या बांधीतल्या मोकळ्या जागा भरून काढल्या. जिथे तेही जमेना, तिथे ओलीवर लाखोळी टाकायचं ठरलं.

नदीलगतच्या शेतांत मात्र वाळू साचली होती, धुरे फुटून वाहून गेले होते. तिथे फावडं पुरत नाही. ट्रॅक्टर, जेसीबी लागतो आणि त्याचं भाडं रोख मोजावं लागतं. इथून पुढे सरकारवाचून चालत नाही, आणि नेमका इथेच माणूस कागदात अडकतो. तेव्हा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करत. नुकसान किमान 33 टक्के भरलं तरच मदत. त्या वर्षी ऑक्टोबरात राज्य सरकारनं 10 हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पिकाला हेक्टरी 10 हजार रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे एकराला चार हजार. चिखलणी, रोवणीची मजुरी आणि खत यांचा हिशेब मांडला तर त्यात काय भागणार?

शिवाय पैसा जातो सातबारावर नाव असलेल्याच्या खात्यात. माझ्या ओळखीच्या एका ठेक्यानं शेती करणाऱ्यानं पंचनाम्याच्या वेळी स्वतः चिखलात उतरून बांधी दाखवली, फोटो काढून दिले. यादीत त्याचं नाव कुठेच नव्हतं. मालकानं समजूतदारपणे अर्धी रक्कम दिली, म्हणून त्याच्या हाती काही लागलं.

पारावर तेव्हा दोन बोलणी चालत. एक, ‘सरकार देईल तेव्हा बघू’. दुसरं, ‘सरकारपुढे हात पसरायचे नाहीत’. मला दोन्ही पटली नाहीत. या जिल्ह्यातले बरेचसे मालगुजारी तलाव कोहळी समाजानं बांधले आणि गावांनी पाण्याची पाळी राखून, गाळ काढून चालवले. 1950च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. पुढे अनेक तलावांतला गाळ काढणं कोणाचंच काम उरलं नाही आणि ते उथळ होत गेले. गावानं अंग काढून घेतलं की असं होतं. पण भीमगडची दारं कधी आणि किती उघडायची, हे सिहोऱ्यातला शेतकरी ठरवू शकत नाही. दोन राज्यांतून वाहणाऱ्या नदीचा इशारा वेळेवर मिळणं हा त्याचा हक्क आहे आणि तो मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

पावसाळ्याआधी गावानं करायची कामं ठरलेली आहेत: डोंगे डागडुजी करून ठेवणं, जुलैत पूर आला तर दुबार रोवणीसाठी उंच बांधीत जास्तीचे पऱ्हे टाकणं, एकट्या म्हाताऱ्यांची घरं कोणी सांभाळायची ते वाटून घेणं. धरणाच्या विसर्गाची सूचना थेट गावात यावी, आणि जो प्रत्यक्ष शेती कसतो त्याचं नाव पंचनाम्यात लागावं, हे मात्र सरकारकडेच मागावं लागेल. 2021 पासून ई-पीक पाहणी आली, पिकाची नोंद मोबाइलवर होऊ लागली. पण तीही सातबाराच्या खातेदाराच्याच नावानं होते. ठेक्यानं कसणाऱ्याचा रकाना तिच्यात अजून यायचा आहे.