खाडीकाठची रांग
मैत्रिणींनो, दुबईला गेलात तर एक दिरहम देऊन अब्रा या लाकडी होडीतून खाडी जरूर ओलांडा. देऱ्यातलं सोनं बघाल, मीना बाजारातल्या साड्याही. पण घरी पैसे पाठवणाऱ्यांची रांगसुद्धा बघा. ते पैसे कुठल्या खात्यात जातात, हे घरच्या बाईला ठाऊक हवं. तिकडची कमाई ‘एनआरई’ खात्यात. तिच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही. इथल्या घराचं भाडं मात्र ‘एनआरओ’त. यजमान तिकडे, तुम्ही इकडे, तर एनआरई खात्यात तुमचं दुसरं नाव लागतं. पण त्यांच्या हयातीत पैसे काढायला मुखत्यारपत्र हवं. तेव्हा त्यांच्या सामानात लोणच्याची बरणी बांधण्याआधी तो कागद तेवढा करून घ्या!