न्हाणीमागचं पाणी

रत्नागिरीकडच्या आमच्या घरी न्हाणीच्या भिंतीला तळाशी एक भोक होतं. जांभ्याच्या चिऱ्यात कोरलेलं, सोललेला नारळ सहज मावेल एवढं. अंघोळीचं पाणी त्यातून बाहेर पडे आणि पोफळीच्या पन्हळीवरून मागीलदारी जाई. मे महिन्यात सुट्टीला गेलं की अंघोळ झाल्याबरोबर, केस तसेच ओले, मी मागच्या दाराने धावत सुटायची. माझं पाणी कुठवर पोचलं ते बघायचं असे. आधी कर्दळ, मग अळू, मग दोन केळी. तिथे आजी खुरपं घेऊन बसलेली असायची. डावीकडची माती सारली की पाणी पडवळाच्या मांडवाखाली जाई, उजवीकडची सारली की भेंडीच्या नि तांबड्या भाजीच्या वाफ्यात. "आज कुणाची पाळी गो?" ती विचारायची, आणि मी सांगेन तिकडे खरंच पाणी वळवायची.

तेव्हा घरात माणसं आठ, सुट्टीत बारा-तेरा. माणशी एक बादली धरली तरी दीड-दोनशे लिटर पाणी रोज त्या भोकातून जात असणार. त्यात भांड्यांचं पाणी, तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी. विहिरीचं पाणी थेट झाडाला घातलेलं मी उन्हाळ्यात कधी पाहिलं नाही. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पण जांभा सच्छिद्र. पाणी धरून ठेवणं त्याला ठाऊक नाही. ओढे दिवाळीनंतर बारीक होत जातात, आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसू लागतो. अशा गावात पाणी आधी माणसाच्या अंगावरून जायचं आणि मग भाजीला मिळायचं.

लग्नानंतर मी डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. गॅलरीत तेलाचे पंधरा किलोचे डबे कापून त्यात मिरची, पुदिना, एकदा दुधी. त्या काळात प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांचं लिखाण हाती लागलं. पालापाचोळ्यातून आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून सुपीक माती घरीच तयार होते, हे त्यांचं म्हणणं मी डब्यांत करून पाहिलं आणि ते खरं निघालं. तांदळाचं धुवण मी कधी मोरीत ओतलं नाही. बाकीचं पाणी मात्र भिंतीतल्या पाइपात जायचं आणि पुढे कुठे जायचं ते कधी कळलं नाही. मला त्याची चुटपुट लागून राहायची.

दरम्यान गावच्या घराची दुरुस्ती झाली. न्हाणीला फरशा लागल्या, भिंतीतलं भोक सिमेंटने बुजलं, पाणी पाइपाने शोषखड्ड्यात गेलं. मागीलदारी चिखल नको म्हणून कोबा घातला. कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आजी गेली होती, घरात दोनच माणसं उरली होती आणि दोघांचेही गुडघे दुखत होते. पण एका उन्हाळ्यात अळू गेलं, दुसऱ्या उन्हाळ्यात केळी.

निवृत्त होऊन मी तिथे राहायला आले तेव्हा पहिलं काम कोबा फोडण्याचं केलं. दोन गडी तीन दिवस घणाने फोडत होते. खालची माती निघाली ती पिवळट, विटेसारखी घट्ट. वीस वर्षं तिला ना पाणी मिळालं, ना पाला. पण न्हाणीच्या भिंतीपासून सात-आठ हातांवर, जिथे केळी असायच्या तिथे, पहार पडली आणि काळी भुसभुशीत माती वर आली. तिच्यात कोळशाचे बारीक तुकडे होते. मी ते तळहातावर घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे.

आमच्याकडे भांडी राखेने घासायची, काथ्याच्या चोयट्याने. ती राख पाण्याबरोबर रोज केळीच्या बुंध्याशी जाई. अतिपावसाने आमच्या जमिनीतले क्षार धुऊन जातात, माती आंबट होते. राख हा आंबटपणा मारते. शिवाय लाकडाच्या राखेत पालाश असतं, आणि केळीला पालाशाची भूक मोठी. हे शास्त्र आजीला कुणी शिकवलं नव्हतं. तिने केळी न्हाणीमागे लावली कारण तिच्या सासूने तिथे लावली होती. पण चूल, भांडी, न्हाणी, कर्दळ आणि केळी ही सगळी एकाच ओळीत उभी होती, आणि ती ओळ कोब्याखालीही पुसली गेली नव्हती.

मी भोक पुन्हा उघडलं. मात्र आता पाण्यात राख नाही, साबण आहे, म्हणून जुनी ओळ जशीच्या तशी चालेना. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात, ते साठत गेले की माती घट्ट होते, म्हणून ते पाणी वेगळ्या पाइपाने माडाच्या आळ्यात सोडलं. माड समुद्राकाठचं झाड, त्याला खारं सोसतं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी आधी एका खड्ड्यात येतं. त्यात खाली जांभ्याची खडी, वर कोळसा, वर वाळू, आणि त्या वाळूत कर्दळ. तिची मुळं पाण्यातली घाण पुष्कळ खातात. तिथून पुढे अळू, केळी, वेल. कच्च्या खायच्या पालेभाजीला हे पाणी मी देत नाही, आणि ते साठवूनही ठेवत नाही, दिवसभरात वास मारतं. भांडी मात्र पुन्हा राखेने घासते. बंब पेटवणाऱ्या शेजारच्या काकी मला आठवड्याला डबाभर राख देतात.

पाऊस जवळ आला तसे वाफे उंच करून घेतले. आमच्याकडे पावसाळ्यात गादीवाफा नसेल तर मुळं कुजतात, उन्हाळ्यात तेच वाफे खाली घ्यावे लागतात. मृग लागला त्या आठवड्यात बी टाकलं. कारली 'कोकण तारा' आणि शिराळी 'कोकण हरिता', दोन्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वाणं. भेंडी बाजारची. पडवळाचं बी मात्र मला जुनंच हवं होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरचं देशी बी गोळा करून बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दल वाचल्यापासून मी गावात प्रत्येक घरी बी विचारत होते. ते शेवटी काकींकडेच निघालं, राखेत घोळवून, फडक्यात बांधून, फळीवर ठेवलेलं. आमच्या आजीनेच कधीकाळी त्यांच्या सासूला दिलेलं होतं.

पडवळाची फुलं संध्याकाळनंतर उमलतात, पांढरी, कडेला झालर सुटलेली. मी बॅटरी घेऊन मांडवाखाली उभी राहायची आणि पतंग येताना बघायची. फळ वीतभर झालं की टोकाला सुतळीने दगड बांधायचा, नाहीतर ते वाकडं वळतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, हाताने पिकवलेलंच चालतं. त्या दिवशी अळू, तांबडी भाजी, भेंडी, शिराळी आणि पडवळ एवढं माझ्या परसातलं होतं. भोपळा अजून कोवळा होता, सुरण काकींकडून आणलं. भाजीत आमसुलं घालून पातेलं उतरवलं तेव्हा आईची फार आठवण आली.

खरी परीक्षा मात्र पुढच्या एप्रिलात होती. केळी मरगळल्या, अळूची पानं तळहाताएवढीच येऊ लागली. आधी मला वाटलं खत कमी पडतंय. मग एका सकाळी अंघोळ करून मागे गेले तर पाणी अळूपाशीच जिरलेलं. मी एकटी. माझी दीड बादली आणि चार भांडी. आजीचं परस आठ माणसांच्या पाण्यावर उभं होतं, आणि मी त्याच मापाचे वाफे आखून बसले होते. भेंडीचे दोन वाफे मी काढून टाकले. काढताना जिवावर आलं.

हे मी काकींना सहज बोलले. त्यांच्याकडे मुलगा, सून, तीन नातवंडं. त्या म्हणाल्या, "मग आमचं घे की. नाहीतरी खड्ड्यातच जातंय." जमीन त्यांच्याकडून माझ्याकडे उतरती आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने मधल्या गडग्याचे चार दगड काढले, पाइपाचं तोंड माझ्या कर्दळीच्या खड्ड्याकडे वळवलं, आणि भाजी अर्धी अर्धी असं ठरलं.

त्यांच्याकडच्या अंघोळी साडेनवापर्यंत आटोपतात. मी तेव्हा खुरपं घेऊन केळीपाशी बसलेली असते. पलीकडून त्यांची धाकटी नात गडग्यावर चढून बसते आणि आज पाणी कुणीकडे सोडायचं ते सांगते.