सेल्फ नव्हे, अर्थ बघा

दसरा झाला की माझ्या माजलगावच्या दुकानापुढं ट्रॅक्टरची रांग लागते. टोळ्यांना ऊसतोडीला निघायची घाई असते आणि सहा महिने उभ्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टिकटिक करतो. गेल्या साली त्या रांगेत टेम्पोतून एक भलतंच वाहन उतरलं. पाइपाचा सांगाडा, चार चाकं, ड्रायव्हरच्या पाठीमागं केटीएम 390 चं इंजिन. भाच्यानं आणि त्याच्या इंजिनिअरिंगच्या मित्रांनी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरच्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी बनवलेली रेसिंग कार.

“मामा, सेल्फ गेला. दुसरा टाकला, तोही गेला.”

दोन सेल्फ असे लागोपाठ जात नसतात. मी म्हटलं, दाब बटण. इंजिन कण्हत अर्धा फेरा फिरलं, डिस्प्ले विझला. चार-पाच वेळा दाबायला लावलं आणि क्लचच्या केबलला हात लावला. केबल गरम! रोग सापडला.

सेल्फच्या वायरिंगमध्ये दोन रस्ते असतात. बारीक रस्ता बटणाचा: न्यूट्रल स्विचमधून जाऊन तो फक्त रिले ओढतो. जाड रस्ता खऱ्या करंटचा: बॅटरी, मास्टर स्विच, रिले, सेल्फ आणि इंजिनच्या बॉडीतून परत बॅटरीच्या निगेटिव्हला. पोरांनी जाणारी वायर देखणी ओढली होती, थिंबल दाबून, स्लीव्ह चढवून. पण इंजिन बसवलं होतं रबरी बुशवर आणि इंजिनपासून चेसिसला आणलेली अर्थची पट्टी आवळली होती पावडर कोटिंगवर. रंगातून करंट जातो कुठला? परतायला वाट मिळेना, म्हणून तो क्लचच्या केबलमधून घुसला.

वहीत हिशेब मांडून दाखवला. सेल्फ 100 अँपिअर ओढत असेल आणि सांध्यात अवघा 0.02 ओहम अडथळा असेल, तरी 2 व्होल्ट तिथंच खलास. 12 व्होल्टची बॅटरी सेल्फच्या ओझ्यानं आधीच दहावर आलेली. उरले आठ. एवढ्यात सेल्फ रखडतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, डोळे मिटतो.

पट्टी काढली. पॉझिटिव्हच्याच जाडीची वायर इंजिनपासून थेट बॅटरीला नेली. चेसिसचा रंग खरवडून धातू चकचकीत केला, पट्टी तिथं परत आवळली, वरून ग्रीस. जुनाच सेल्फ परत लावला. एका दाबात इंजिन सुरू.

चौकात धक्का मारायला दहा माणसं मिळतात. या स्पर्धेत धक्का चालत नाही. गाडी स्वतःच्या सेल्फवरच सुरू व्हावी लागते. सुमारे 22 किलोमीटरच्या एन्ड्युरन्स फेरीत मध्येच ड्रायव्हर बदलतो, इंजिन बंद होतं आणि तापलेलंच पुन्हा सुरू करायचं असतं. दुकानात गार इंजिनावर खपून जाणारा कच्चा सांधा तिथं उघडा पडतो. म्हणून पोरांना बजावलं, वीस मिनिटं पळवा, बंद करा, लगेच सेल्फ मारा. तीच खरी परीक्षा.

1912 साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ आला आणि हँडल फिरवायचा त्रास सरू लागला. शंभर वर्षांत गाड्या कुठल्या कुठं गेल्या, पण परतीच्या वायरीकडं दुर्लक्ष करायची खोड काही गेली नाही.

तुमचा ट्रॅक्टर असो की रेसिंग कार, नवा सेल्फ घेण्याआधी एवढं करा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. आकडा 0.5 व्होल्टच्या वर गेला, तर सेल्फ खोलू नका. आधी अर्थ खोला.