नेम मांडीचा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून भरकटून वस्तीत शिरलेली जनावरं सोडवणाऱ्या पथकाबरोबर मी काही वर्षं मदतनीस होतो. सगळे बिबट्याबद्दलच विचारतात. मला मात्र धास्ती हरणाची वाटायची. अडकलेला बिबट्या बहुधा अडचणीच्या जागी दडून बसतो. सांबर बिथरलं की भिंत, गाडी, काच, समोर येईल त्यावर धडकतं.

मुलुंडच्या एका सोसायटीत पहाटे सांबराची मादी शिरली, तेव्हा आम्ही पोचेपर्यंत गच्चीपासून फाटकापर्यंत बघे जमले होते. ती पार्किंगच्या भिंतीला लागून धापा टाकत उभी. पथकातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी भुलीची गन भरली, पण लगेच उचलली नाही.

शिकारी पुढच्या पायामागे, काळीज आणि फुप्फुसावर नेम धरतो. भुलीच्या डार्टचा नेम मागच्या मांडीच्या जाड मांसावर. तिथून औषध लवकर भिनतं. पोटात सुई गेली तर आतडं फुटू शकतं, छातीत गेली तर फुप्फुस. खाली लागली तर हाड मोडतं. म्हणून जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं राहीपर्यंत थांबायचं. अंतर पाहून गनचा दाब ठरवायचा, कारण जवळून जास्त दाबाने मारलेला डार्टही जखम करतो. आणि धावत्या जनावरावर मारायचाच नाही.

बघ्यांना मागे हटवण्यातच बराच वेळ गेला. तिने अंग वळवलं, डार्ट मांडीत बसला. नंतर कुणी जवळ जायचं नाही, हा नियम. काही मिनिटांनी तिचे पाय लटपटले आणि ती बसली. मग आमची धावपळ. डोळ्यांवर कापड, कानात कापसाचे बोळे. तिला कुशीवर पडू न देता छातीवर बसवून मान उंच धरली. रवंथ करणारं जनावर कुशीवर राहिलं तर पोट फुगतं, वर आलेला चारा श्वासनलिकेत जातो. अंग तापलं होतं, म्हणून पाणी ओतत राहिलो. उतारा जंगलात नेल्यावर दिला. ती उठली, अडखळली आणि झाडीत गेली.

तरी डॉक्टर खूश नव्हते. अति धावपळ आणि भीतीने हरणाचे स्नायू आतून खराब होतात. वरून ठीक दिसणारं जनावर काही दिवसांनीही दगावतं. भूल त्यावर इलाज नाही. त्यामुळे जंगल लागून असेल, तर पुष्कळदा गन पेटीतच ठेवून त्या बाजूचं फाटक उघडायचं, दिवे मालवायचे आणि अंधार पडेपर्यंत थांबायचं, हेच आम्ही पसंत करत असू.

तुमच्या आवारात हरीण आलं तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. कुत्री बांधा, मुलांना घरात घ्या, जंगलाकडची वाट मोकळी ठेवा. व्हिडिओसाठी त्याच्या मागे धावू नका. त्या धावण्यानेच ते मरू शकतं.