लंडनच्या पार्लमेंटातील टपाल

विहारातल्या भगिनी मला नेहमी विचारतात, "ताई, तू लंडनच्या पार्लमेंटात काय केलंस गं?" त्यांना वाटते, मी तेथे भाषणे ठोकली असतील. खरे सांगायचे तर मी तेथे टपाल फोडत होते.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर मी लंडनला एम.ए. करायला गेले. अभ्यासाचा भाग म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात एका खासदारबाईंच्या कार्यालयात उमेदवारी केली. तिकडे त्याला इंटर्नशिप म्हणतात.

तिथल्या लोकसभेला हाऊस ऑफ कॉमन्स म्हणतात. सभासद ६५०, पण बसायला तेवढी बाके नाहीत. महत्त्वाच्या दिवशी खासदार चक्क उभे असतात! मला मात्र नवल वाटले ते सेंट्रल लॉबीचे. कोणीही साधा मतदार तेथे येतो, हिरव्या कार्डावर नाव लिहितो आणि आपल्या खासदाराला भेटायला बोलावतो. शिवाय खासदार आपल्या मतदारसंघात लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतात. त्या बैठकीला 'सर्जरी' म्हणतात, जणू दवाखानाच! घरभाडे, व्हिसा, अडलेला भत्ता, भिंतीला आलेली ओल. आमच्या वस्तीतलीच दुखणी, फक्त इंग्रजीत. प्रत्येक पत्राच्या उत्तराचा मसुदा करणे हे माझे काम.

एके दिवशी बाईंनी एक जाडजूड फाईल दिली. विषय होता जात! २०१० च्या समानता कायद्याने जातिभेदालाही बंदी घालण्याची मुभा सरकारला दिली होती. २०१३ साली पार्लमेंटने ते बंधनकारक केले. तरी अंमल झाला नाही. २०१७ साली सरकारने लोकांची मते मागविली. बाई म्हणाल्या, "दोन्ही बाजूंचा गोषवारा एका पानात दे."

काहींनी लिहिले होते, जात इथे नाहीच, कायद्याने उलट फूट पडेल. काहींनी सोसलेले लिहिले होते. लोकांची पत्रे गुप्त असतात, म्हणून तपशील सांगत नाही. पण वाचताना माझा घसा कोरडा पडत होता.

कारण मी स्वतःच लपून राहत होते. एका भारतीय कुटुंबात मी भाड्याने राहत असे. घरमालकीणबाई प्रेमळ. पण दुसऱ्याच आठवड्यात माझ्या आडनावाची चौकशी सुरू झाली. "म्हणजे तुम्ही नेमक्या कोण?" मी म्हणाले, "आम्ही महाराष्ट्रीयन." बौद्ध हा शब्द ओठांवर येऊन परत गेला. आईने दिलेला बाबासाहेबांचा फोटो बॅगेतच राहिला.

त्याच सुमारास एका सहकाऱ्याने मला हाऊस ऑफ लॉर्ड्सची रॉयल गॅलरी दाखवली. १२ नोव्हेंबर १९३० रोजी पंचम जॉर्ज बादशहाने पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन केले ते याच दालनात. त्या परिषदेला बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन् अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून आले होते. बादशहाच्या देशात त्यांनी आपली ओळख लपवली नाही. आणि मी एका स्वयंपाकघरात गप्प बसले! फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गोषवारा देताना मी बाईंना सांगितले, "मॅडम, मी याच समाजातली आहे." त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "मग तुझे स्वतःचे उत्तर पाठव. ते मी लिहू शकत नाही." मी पाठवले, खऱ्या आडनावानिशी. त्या रात्री फोटो बॅगेतून काढून टेबलावर ठेवला.

घरमालकीण काही बोलल्या नाहीत. फक्त माझी भांडी वेगळ्या फळीवर गेली. महिनाअखेर मी खोली बदलली.

सरकारकडे १६ हजारांहून अधिक उत्तरे आली. जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की जातीसाठी वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयांच्या निकालांवर भिस्त ठेवू. बातमी वाचून मी रडले. आईला फोन केला. चार घरची धुणीभांडी करून तिने मला शिकवले. ती म्हणाली, "पोरी, निकाल त्यांचा. पण कागद तुझा आहे ना तिथं? मग झालं."

आई-बापांनो, मुलांना परदेशी जरूर पाठवा. पण त्याआधी त्यांना स्वतःच्या नावाने अर्ज लिहायला शिकवा. पाण्याचा नळ असो की शिष्यवृत्ती, खाली सही पूर्ण आडनावाची असू द्या.

जयभीम!