बाळंतविडा

वासरू जन्मले की घटकाभरात धडपडत उभे राहते आणि आपले आपणच गाईच्या आचळाशी जाते. माणसाच्या बाळाचे तसे नाही. ते या जगात येते ते उघडे, ओले आणि सर्वस्वी परावलंबी. त्याला स्वतःची मान सावरता येत नाही, की अंगावरची माशी हाकता येत नाही. म्हणून त्याच्या स्वागताची तयारी इतरांनीच आधीपासून करून ठेवावी लागते.

महाराष्ट्रात या तयारीला एक गोड नाव आहे, बाळंतविडा. घरात बाळ जन्मले की आत्या, मावशी, मामी, शेजारीण अशा साऱ्याजणी बाळ-बाळंतिणीसाठी काही ना काही घेऊन येतात. कोणी झबले-टोपडे शिवते, कोणी जुन्या लुगड्याचे दुपटे करते, तर कोणी डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू वळून आणते. जुने लुगडे म्हणून कोणी नाक मुरडीत नाही. वारंवार धुऊन मऊ झालेले सुती कापड बाळाच्या कोवळ्या कातडीला नव्या कापडापेक्षा सुखाचे असते, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना पक्के ठाऊक असते.

या साध्या वस्तूंच्या मागे मोठे शहाणपण आहे. आईच्या पोटात बाळ सुमारे ३७ अंश सेल्सिअस उबेत वाढलेले असते. बाहेर येताच ही ऊब सुटते. त्याची कातडी पातळ असते आणि मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून अंग गरम करण्याची शक्ती त्याच्यात नसते. शरीराच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे तेथूनही बरीच ऊब निघून जाते. टोपडे घालावयाचे ते एवढ्यासाठी. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर ही ऊब म्हणजे प्राणच होय. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकविले. त्यांच्या साहित्यात तापमापक व वजनकाटा यांच्याबरोबर बाळासाठी एक उबदार पिशवीही होती. या प्रयत्नांमुळे त्या गावांतील बालमृत्यू पुष्कळ घटले, हे १९९९ साली साऱ्या जगापुढे आले.

परंतु ज्या बाळंतिणीजवळ आत्या-मावश्या नाहीत, तिने काय करावे? छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सारा मराठवाडा 'घाटी' या नावाने ओळखतो. शेजारच्या जिल्ह्यांतूनही अडलेल्या बायका येथे आणल्या जातात. कोणी घाईघाईत अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली असते, तर कोणाचे घरदार ऊसतोडीसाठी दूर गेलेले असते. बाळाला गुंडाळण्यास आईच्या पदरावाचून दुसरे काही नसते. अशा वेळी शहरानेच तिची मावशी व्हावयास हवे. या शहराला ही रीत नवी नाही. घाटीपासून जवळच बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की आहे. एके काळी ही चक्की येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंसाठी आणि फकिरांसाठी पीठ दळीत असे.

अनोळखी आईसाठी विडा बांधणे मात्र दिसते तितके सोपे नाही. तेथे देणाऱ्याची हौस मागे ठेवून बाळाची गरज पुढे ठेवावी लागते. पुढून बांधता येणारी सुती झबली, टोपडी, दुपटी, पुष्कळसे लंगोट, मऊ पंचा, साबणाची वडी आणि आईसाठी एखादे सुती लुगडे एवढे पुरे. जरीची टोपी बाळाला टोचते. लांब नाडी गळ्याशी अडकते. दुधाचा डबा व बाटली तर मुळीच घालू नये, कारण पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत. घड्या घालणे, जोड्या लावणे, एखादी वस्तू राहिली नाही ना ते मोजून पाहणे, ही कामे शाळकरी मुलेही सहज करतील. मऊ झालेले जुने कापड चालते. फाटके किंवा डागाळलेले चालत नाही. 'गरिबाला काय, काहीही चालते,' असे म्हणून जो तसला कपडा गाठोड्यात सरकवतो, तो आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकतो.

फिनलंड देशात १९३८ सालापासून गरीब मातांना बाळाच्या वस्तूंनी भरलेली पेटी मिळू लागली. रिकाम्या झालेल्या त्या पेटीतच बाळाचा बिछानाही होत असे. पुढे १९४९ साली गरीब-श्रीमंत हा भेद काढून टाकण्यात आला. वेळेवर तपासणी करून घेणाऱ्या प्रत्येक मातेला ती पेटी मिळू लागली, आणि पेटी घेण्यात कोणालाही कमीपणा वाटण्याचे कारण उरले नाही. महाराष्ट्र शासनानेही २०१९ साली शासकीय रुग्णालयांत पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या मातांना बाळाच्या वस्तूंचा संच देण्याची योजना सुरू केली.

बाळंतविड्याचे खरे मोल यातच आहे. तो श्रीमंताच्या लेकीला मिळतो आणि मजुराच्या लेकीलाही. भीक घेताना मान खाली जाते. मावशीने आणलेले झबले घेताना ती जात नाही. म्हणून अनोळखी आईला दिलेल्या गाठोड्यावर देणाऱ्याचे नाव नसावे आणि देतानाचे छायाचित्रही नसावे. आपले दुपटे कोणी शिवले, हे त्या बाळाला कधीच कळणार नाही. ते उबेत शांत निजले, की विडा पोचला असे समजावे.